दोन बोल्टांचं काम

गाडीत गिअर ऑइल नावाचं एक वेगळं तेल असतं, ही बातमी बहुतेक गाडीमालकांना गाडी विकताना कळते. गिऱ्हाईक आपल्याबरोबर एक मेकॅनिक घेऊन येतं. तो बॉनेट उघडतो, पट्टी ओढून तेलाचा वास घेतो, टायरला लाथ मारतो आणि जाता जाता विचारतो, "गिअर ऑइल कधी बदललंत?" मालक आधी बायकोकडे बघतो, मग आकाशाकडे. "सर्व्हिसिंगला दर वर्षी देतो ना," असं काहीतरी म्हणतो. मेकॅनिक काही बोलत नाही, पण किंमत तिथल्या तिथे पाच हजारांनी उतरलेली असते.

एंजिन ऑइलचं तसं नाही. ते काळं पडतं, जळतं, कमी होतं, डॅशबोर्डवर लाल दिवा लावतं. स्वतःकडे लक्ष वेधून घेणं त्याला जमतं. गिअर ऑइल पेटीत बंद. त्याला दिवा नाही, काटा नाही, बहुतेक गाड्यांत मोजायला पट्टीसुद्धा नाही. जळणाची धग त्याच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे एंजिन ऑइलसारखं ते काळं पडून ओरडतही नाही. गिअरचे दात त्याला रात्रंदिवस चिरडतात, त्याचा दाटपणा हळूहळू मरतो, आणि झिजलेल्या लोखंडाची पूड त्यात साठत जाते. हे सगळं होत असताना गाडी चालत असते, आणि चालत्या गाडीला काही विचारू नये असा आपला एकूण स्वभाव आहे.

त्यात कंपन्यांनी भर घातली. कित्येक ऑटोमॅटिक गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की हे तेल आयुष्यभरासाठी भरलेलं आहे. कुणाच्या आयुष्यभरासाठी, ते लिहिलेलं नसतं. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक नामांकित गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते. ती मात्र आपल्या ऑटोमॅटिक पेट्यांचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, नाहीतर ८ वर्षांनी बदला म्हणते. म्हणजे पेटी बनवणारा म्हणतो बदला, गाडी विकणारा म्हणतो गरज नाही. पेटी बिघडल्यावर दोघांपैकी कोण आपल्याला नवी गाडी विकणार आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आमच्या साडूभाऊंनी तो केला. साडूभाऊ बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले. गावोगावच्या शाखांत अवचित उतरून मॅनेजर लोकांची तोंडं पांढरी करण्यात त्यांची उमेद गेली. निवृत्तीनंतर तपासायला उरली ती घरची बिलं. गाडीच्या सर्व्हिसिंगची झाडून सगळी बिलं त्यांनी तारीखवार फाइलला लावली आणि एका ओळीपाशी थांबले. प्रत्येक बिलावर होतं, 'गिअर ऑइल: तपासले, ठीक'. आता हे तपासायचं म्हणजे गाडी उचलायची, गिअरबॉक्सच्या बगलेतला बोल्ट काढायचा आणि भोकात बोट घालून तेल लागतंय का ते बघायचं. साडूभाऊ गाडीखाली वाकले. त्या बोल्टावर कित्येक पावसाळ्यांचा चिखल थरावर थर वाळला होता आणि एकाही थराला पान्याचा ओरखडा नव्हता. "खातं न उघडता शिल्लक पडताळलीय," ते म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांचा चेहरा इतका उजळलेला कुणी पाहिला नव्हता.

तेल आता आपणच घरी बदलायचं, असं त्यांनी ठरवलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजात गाडी लावली असती तर अर्ध्या तासात काम झालं असतं. मजुरी म्हणाल तर दोघांच्या मिसळीचे पैसे. अमेरिकेत लोक हे काम घरी करतात त्याला कारण आहे. तिकडे मेकॅनिकच्या तासाचा दर ऐकला की माणूस आपोआप गाडीखाली जातो. शिवाय तिकडे पुष्कळांच्या घराला स्वतःचं गॅरेज असतं, दार ओढून घेता येतं. आपल्याकडे मजुरी स्वस्त आणि दार नाही. त्यामुळे घरी तेल बदलून पैसे वाचतात हा हिशेब कुठूनही जुळत नाही, आणि हिशेबाच्या या माणसाने तो जुळवायचा प्रयत्नही केला नाही. चार घोड्या, रॅचेट, गोटी पान्यांचा पेटीभर संच, नळी, नरसाळं, खाली ठेवायला पसरट घमेलं आणि बोल्ट किती ताकदीने आवळला ते दाखवणारा टॉर्क रेंच. एवढ्या खर्चात गॅरेजवाल्याने गाडीच्या पुढच्या जन्मापर्यंत तेल बदलून दिलं असतं. "अहो, प्रश्न पैशांचा नाही," साडूभाऊ म्हणाले. हे वाक्य मी एका बँकवाल्याच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो.

मला बॅटरी धरायची होती. "यांच्याजवळ कुणीतरी असू दे," असा मेव्हणीबाईंचा फोन आमच्या घरी आला आणि कुणीतरी म्हणून मी गेलो. बॅटरी धरण्याचं शिक्षण आपल्याकडे मुलांना लहानपणीच मिळतं. वडील स्टुलावर चढून फ्यूज बदलत असतात आणि आपण खाली उभे. जिथे उजेड हवा तिथे तो नसतो, आणि जिथे आहे तिथे तो कुणी मागितलेला नसतो. "माझ्या हातावर नको रे, बोल्टावर धर" हे वाक्य एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे शब्दही न बदलता पोचलेलं आहे. साडूभाऊ मला 'अहो' म्हणत असल्यामुळे त्यातलं 'रे' तेवढं गळलं.

तेल आणायला नाना पेठेत गेलो. दुकानदाराने गाडीचं नाव विचारलं आणि मागे न बघताच हात लांबवून डबा काउंटरवर ठेवला.

"नव्वद नंबर. दोन लिटर लागेल."

साडूभाऊंनी खिशातून कागद काढला. "७५ डब्ल्यू ८०. जीएल-४."

"हे जीएल-५ आहे."

"मला चार हवंय."

"साहेब, चारपेक्षा पाच भारी. आणि पैसे तेवढेच."

दुकानदाराची बाजू समजून घ्यायला हवी. मेगापिक्सेल असोत, वेतन आयोग असो की दाढीच्या ब्लेडची पाती, आकडा वाढला की माल सुधारला हे आपल्याला पाठ आहे. गिअर ऑइलच्या बाबतीत मात्र हा नियम उताणा पडतो. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची औषधं जास्त असतात. ट्रक-जीपच्या मागच्या क्राऊनमध्ये दात एकमेकांवर जोरात घसटतात, तिथे ती हवीच असतात. पण हाताने टाकायच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेशच्या पितळी कड्या असतात. १९२८ साली कॅडिलॅक गाडीत ही युक्ती पहिल्यांदा आली. कडी फिरत्या गिअरला घासून त्याचा वेग जुळवून घेते आणि मग खर्र न होता गिअर पडतो. गंधक जास्त झाला तर तो पितळाला बाधू शकतो. शिवाय तेल फारच निसरडं असलं तर कडीला धरायलाच काही मिळत नाही. म्हणजे या तेलाने दातांमध्ये निसटायचं आणि कडीपाशी पकड द्यायची. सोसायटीच्या सेक्रेटरीला हे जमतं, तक्रारीतून निसटायचं आणि मेंटेनन्स घट्ट धरायचा. तेलाला जमवायला केमिस्ट लागतात.

अमेरिकन ऑटोमॅटिक गाड्यांत हेच जमवायला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गिअरबॉक्सच्या तेलात चक्क देवमाशाचं तेल घालत. मग देवमासे वाचवायचे कायदे आले आणि तिकडच्या तेलवाल्यांना घाईने दुसरं काहीतरी शोधावं लागलं. वंगणाच्या बाबतीत आपणही अगदीच मागे नव्हतो. लंडनच्या वेकफिल्डच्या कंपनीने १९०९ साली कॅस्ट्रॉल हे वंगण बाजारात आणलं, त्यात आपल्या ओळखीचं एरंडेल होतं. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या एंजिनांना एरंडेलच लागायचं, आणि त्याचे फवारे तोंडावर घेत उडणाऱ्या वैमानिकांच्या पोटावर व्हायचा तो परिणाम व्हायचा म्हणतात. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी सकाळी आजीने नाक दाबून पाजलेल्या मुलांना तो कसा, हे वेगळं सांगायला नको.

दुकानदाराने अखेर आतल्या फळीवरून जीएल-४ काढून दिलं. "फारसं कोणी मागत नाही," एवढं मात्र ऐकवलं.

रविवारी सकाळी साडूभाऊ गाडी खडकवासल्यापर्यंत फिरवून आले. तेल गरम झालं की पातळ होतं आणि तळचा गाळही घेऊन उतरतं. मग प्रश्न आला जमिनीचा. या कामात गाडी चारी बाजूंनी सारख्या पातळीत हवी, कारण बगलेतलं भोक हीच तेलाची खूण. गाडी एका अंगाला कलली की खूण खोटं बोलते. साडूभाऊंनी नातवाची गोटी पार्किंगच्या फरशीवर ठेवली. गोटी अंमळ विचार करून अध्यक्षांच्या स्कूटरखाली गेली. दुसरीकडे ठेवली, तीही तिथेच गेली. अख्ख्या पार्किंगचा उतार अध्यक्षांच्या जागेकडे आहे हे सोसायटीच्या इतिहासात प्रथमच सिद्ध झालं. दर पावसाळ्यात अध्यक्ष ज्या पाण्याबद्दल पत्रं लिहीत, ते पाणी खरंच होतं. शेवटी घोड्यांच्या खाचा कमीजास्त करून गाडी पाणसळीने सपाट केली. वॉचमन "विटा लावू का साहेब?" म्हणत दोन विटा घेऊन आला होता. त्या त्याला परत न्यायला लावल्या. वीट कधी फुटेल सांगता येत नाही, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली तर कुणी दहा रुपयांचं नाणं काढायलासुद्धा शिरू नये.

साडूभाऊ गाडीखाली गेले आणि बाहेर फक्त पाय उरले. आपल्याकडे माणसाचं वजन त्याच्या चेहऱ्यावर, कपड्यांवर, फार तर चपलेवर असतं. नुसत्या तळव्यांवर काही नसतं. पंधरा मिनिटांपूर्वी ज्यांना लोक वाकून नमस्कार करत होते, त्यांच्या तळव्यांकडे बघत तेच लोक आता मला विचारत होते, "कोण लावलाय? कितीला ठरवलाय?" दूध घेऊन येणाऱ्या एका आजींनी दुरून पाय पाहिले आणि पिशवी छातीशी धरून "अगं बाई, कोण गेलं?" असं विचारलं. कुरियरचा मुलगा आला, त्याने कुणाचीही चौकशी केली नाही. गाडीपाशी उकिडवा बसून तो पायांनाच म्हणाला, "सर, पार्सल आहे, ओटीपी सांगा." पायांनी आकडे सांगितले. तो गेला. त्या दिवशी काम न अडवता गेलेला तो एकटाच.

बाकीचे थांबले. रविवारची सकाळ, हातात वर्तमानपत्र आणि समोर दुसऱ्याची उघडी गाडी, यापलीकडे निवृत्त माणसाला काय हवं? एकाने ऑइल बदलूच नये असा सल्ला दिला: जुन्या तेलातल्या पुडीवरच गिअर एकमेकांना धरून असतात, तेल बदललं की पेटी खलास, त्यांच्या मेहुण्याची झाली होती. दुसऱ्यांनी मेहुण्याचं नाव निघताच आपल्या मेहुण्याचा विषय काढला. तिसऱ्यांनी कंपनीचंच तेल घ्यायला हवं होतं म्हटलं, डबा पाहिला, तो कंपनीचाच होता, तेव्हा "हल्ली यात पण डुप्लिकेट येतं" असं म्हणून तोही निकालात काढला. या सगळ्यांत एक गृहस्थ मागे खांबाला टेकून गप्प उभे होते. ते एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, आणि सोसायटीत आजवर त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं.

"खालचा बोल्ट उघडा, म्हणजे तेल निथळू दे," मेहुणावाले म्हणाले.

"आधी वरचा," खांबाकडून आवाज आला.

"वरच्यालाच पाना लावलाय," गाडीखालून उत्तर आलं.

या तीन वाक्यांत सबंध विद्या आहे. खालचा बोल्ट काढून तेल सांडलं आणि मग भरायचा बोल्ट निघालाच नाही, तर गाडी कोरडी होऊन घोड्यांवर बसते. आत घालायला वाट नाही, चालवत न्यायला तेल नाही. म्हणून आधी भरण्याची वाट मोकळी करायची, मग सांडायचं. फिटर खांब सोडून पुढे आले.

बोल्ट हलेना. आता तो उघडायचा कुठल्या बाजूला फिरवून, यावर वाद पेटला. बोल्टाच्या तोंडाकडून पाहिलं तर डावीकडे सैल, उजवीकडे घट्ट, हे सगळ्यांनाच माहीत. पण साडूभाऊ उताणे, खालून बघणार. मंडळी बॉनेटमध्ये डोकं घालून वरून, म्हणजे बोल्टाच्या पाठीकडून बघणार. त्यांचं डावं ते यांचं उजवं. वरून "उलटा फिरवताय!" आणि खालून "सरळच आहे!" असा कल्लोळ बराच वेळ चालला. दोन्ही बाजू बरोबर असलेला आणि तरीही न मिटलेला वाद मी प्रथमच इतक्या जवळून, बॅटरी धरून पाहिला. फिटरनी तोवर घरून हातभर लोखंडी पाइप आणला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि म्हणाले, "झटका नका मारू, आटे जातील. वजन द्या नुसतं." कट्ट असा आवाज झाला. मेहुणावाल्यांनी टाळी वाजवली, जणू त्यांनीच तो बोल्ट सोडला होता.

त्यानंतर खालचा. तेल घमेल्यात उतरलं, गडद तपकिरी, आणि त्याबरोबर त्याचा वास. गिअर ऑइलला गंधकाचा असा एक वास असतो की तो एकदा शर्टाला लागला की शर्टाची वेगळी खुंटी करावी लागते. पार्किंग निम्मं रिकामं झालं. खालच्या बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक होता. त्यावर राखाडी, मऊ लेप जमला होता. साडूभाऊंनी तो दोन बोटांत चोळून पाहिला, फिटरनी पाहिला. नुसती पूड असली तर ती वयोमानाची झीज. टोचणारा तुकडा लागला असता तर दात तुटलाय असं समजायचं. तुकडा नव्हता.

इथे साध्या माणसाने नवं तेल भरायला घेतलं असतं. साडूभाऊंनी निघालेलं तेल मोजलं. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा ते पाऊण पेला कमी भरलं. "तूट आहे," ते म्हणाले, आणि कागदावर लिहिलं. फिटरनी बॅटरी माझ्या हातून घेतली, गिअरबॉक्सच्या कडेला, जिथून चाकाचा दांडा बाहेर येतो, तिथे धरली आणि म्हणाले, "सील घामेजलंय. थोडं तिथून गेलं. थोडं आत चिकटून राहणार, ते काही निघत नाही." साडूभाऊंनी तुटीसमोर दोन नोंदी केल्या आणि रेघ मारली. त्यांच्या नोकरीत शिपाई, कॅशियर, मॅनेजर, सगळ्यांना विचारूनही तुटीचं स्पष्टीकरण इतक्या सरळपणे कुणी दिलं नसावं. फिटरना त्यांनी बसायला स्वतःची खुर्ची मागवली.

खालचा बोल्ट परत लागला. भरताना मात्र सगळ्यांच्या संस्कारांची परीक्षा झाली. बॉनेटमधून नळी सोडायची, वर नरसाळं, आणि बारीक धारेने तेल ओतत राहायचं. जानेवारीतलं पुणं, तेल थंड, धार जेमतेम सुतासारखी. कधी थांबायचं? बगलेतल्या भोकातून तेल बाहेर सांडू लागलं की. सांडलं म्हणजे भरलं. आपण लहानपणापासून ताटात, पेल्यात, गादीवर, परीक्षेच्या पेपरवर 'सांडू नकोस' एवढंच ऐकत आलो. त्यामुळे पहिला थेंब ओघळताच चौघे एकदम ओरडले, "सांडतंय, सांडतंय, बंद करा!" साडूभाऊंनी खालून अगदी शांतपणे सांगितलं, "सांडू दे." धार बारीक होऊन थेंबावर आली, तेव्हा त्यांनी तांब्याचा नवा वायसर घालून बोल्ट लावला आणि टॉर्क रेंचने टिक्क केलं. एवढे पैसे खर्चून घेतलेल्या यंत्राचं त्या दिवसातलं काम तेवढंच.

राहिलं जुनं तेल. त्याला मागणी फार. वॉचमनला फाटकाच्या बिजागऱ्यांना हवं होतं, एकांना गावच्या गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी. गटारात ओततो म्हणणाराही एक होताच. गटार थेट मुठेत जातं आणि मुठा आधीच काय काय सोसते आहे. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं. त्यांच्याकडे गॅरेजांतून पिंपं जातात. म्हणून साडूभाऊ कॅन घेऊन कोपऱ्यावरच्या त्याच गॅरेजात गेले, ज्याची मजुरी त्यांनी बुडवली होती. मालकाने झाकण उघडून वास घेतला, साडूभाऊंच्या कोपरापर्यंत काळ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "कामाला माणूस पाहिजे का म्हणून आलात?"

संध्याकाळी सगळ्यांना बसवून चाचणी झाली. "दुसरा गिअर बघा कसा पडतो," साडूभाऊ म्हणाले. मी म्हटलं, फार छान. मेव्हणीबाईंनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "मला तर कालसारखाच वाटतोय. आणि गाडीत कसला वास येतोय हो?"

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली: पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीची कामे करू नयेत, तेलाचे डाग पडतात, सभासदांनी नोंद घ्यावी. खाली अध्यक्षांचं नाव. दहाच मिनिटांत अध्यक्षांचा साडूभाऊंना वेगळा निरोप आला. त्यांची गाडी ऑटोमॅटिक आहे, तिचं तेल कधीच बदललेलं नाही, घोड्या आहेतच तर पुढच्या रविवारी बघता का?

साडूभाऊ दोन दिवस वाचत बसले. जुन्या धर्तीच्या ऑटोमॅटिकमध्ये खालचा बोल्ट उघडला तरी साधारण निम्मंच तेल बाहेर येतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं आणि नव्यात मिसळतं. ते हळूहळू काढायचं तर पुन्हा पुन्हा भरायचं आणि पुन्हा पुन्हा सांडायचं. साडूभाऊंनी अध्यक्षांना कळवलं की जमणार नाही. डागांचा किंवा सूचनेचा त्यांनी उल्लेखही केला नाही. निम्मी शिल्लक पडताळता येत नसेल तर अशा खात्यावर सही करायची त्यांना सवय नाही, एवढंच लिहिलं.